दोरीपलीकडचं पाणी

विमलआक्का,

तुझी पोहण्याची पिशवी अजून माझ्याकडेच आहे. गच्चीवरच्या दोरीला अडकवली होती, ती आज काढून घरात आणली. तुझा जांभळ्या फुलांचा पोशाख, खोबरेल तेलाची लहान बाटली, झिजून पातळ झालेली शिकेकाईची वडी, आणि कानात घालायचा कापूस. कापूस मी दिला होता. तू एकदाही वापरला नाहीस. तुझ्या संतोषला विचारलं, "पिशवीचं काय करू रे?" तर तो म्हणाला, "मावशी, तुम्हीच ठेवा. आमच्या घरात त्या पिशवीचा उपयोग कोणाला माहीत आहे?"

तू गेल्यावर जी कामं निघाली, ती मी नेहमीप्रमाणे कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदावर लिहून एकेक करून उरकली. गावाकडे कळवणं, रेशनकार्डावरचं नाव, दहाव्याचं सामान, पाहुण्यांची झोपायची सोय. गल्लीतले लोक म्हणाले, शालूताई होत्या म्हणून सगळं वेळेवर झालं. झालं खरं. एकच ओळ राहिली आहे. 'पोहणं.' तिच्यापुढे काय लिहावं, चालू की बंद, ते मला ठरवता येत नाही, आणि न ठरवता ठेवलेली गोष्ट मला किती छळते ते तुला माहीत आहे.

मला पोहता येतं. आता चांगलं येतं. पण तरणकुंडाच्या, म्हणजे आपल्या पोहायच्या तलावाच्या, मधोमध ती लाल-पांढऱ्या डब्यांची दोरी बांधलेली आहे, उथळ पाणी अलीकडे आणि खोल पलीकडे, ती दोरी कालपर्यंत मी तुझ्याशिवाय कधी ओलांडलेली नव्हती. तू पलीकडच्या काठावरून खूण करायचीस, मग मी जायचे. आता खूण कोण करणार?

तुला आठवतं, सुरुवात माझ्या कंबरेपासून झाली. शाळेच्या ऑफिसात दिवसभर खुर्चीवर बसून कंबर धरायची. डॉक्टर म्हणाले, "पोहायला जा." मी अकोल्याकडची. आमच्याकडे पाणी हंड्यात असतं, फार तर विहिरीत, आणि विहिरीत बाई उतरली तर गावभर बातमी होते. पण डॉक्टरांनी सांगितलं म्हणजे ते करायचं, असा माझा स्वभाव. सुरतेतल्या प्लेगनंतरचा तो काळ. शहर धुऊन पुसून काढलं होतं, आणि तरणकुंडात सकाळी बायकांसाठी वेगळी बॅच आहे असं मला ऑफिसात कळलं. एकटीनं जायची हिंमत नव्हती. मी गल्लीत विचारत फिरले, पोहता येणारी बाई कोण आहे. सगळ्यांनी तुझ्या घराकडे बोट दाखवलं.

तू ओट्यावर बसून लसूण सोलत होतीस. मी म्हटलं, "तुम्हाला पोहता येतं म्हणे."

तू माझ्या तोंडाकडे नीट पाहिलंस. तेव्हा मला वाटलं, ही बाई फार रोखून बघते. म्हणालीस, "तापीकाठची आहे मी. चोपड्याकडची. आमच्याकडं पोरगी चालायला लागली की तिच्या पाठीला भोपळा बांधतात आणि देतात सोडून."

"मग याल का माझ्याबरोबर? कंबरेसाठी."

"कोणाच्या कंबरेसाठी? माझी तर चांगली आहे."

आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी, मी चप्पल घालायच्या आत, तू माझ्या दारात उभी.

पहिले काही दिवस मी तुला 'तुम्ही' म्हणत होते. पाण्यात ते टिकलं नाही. नाकातोंडात पाणी जात असताना 'तुम्ही' म्हणायला दम पुरत नाही. एकदा घाबरून ओरडले, "आक्का, धर गं!" आणि बाहेर आल्यावर परत 'तुम्ही'वर जायला मलाच लाज वाटली.

पोशाखाची गंमत मी अजून ऑफिसात सांगते. म्हणजे सांगत होते. फाटकावर पाटी होती, सुती कपडे चालणार नाहीत. तू म्हणालीस, "सुरतेत राहायचं आणि सिंथेटिकची काळजी करायची?" संतोष पर्वत पाटिया भागातल्या साडीच्या दुकानात पॅकिंगला, त्यानं जांभळ्या फुलांचा एक तुकडा आणला, आणि तू एका दुपारी दोघींचे पोशाख शिवलेस. लांब हातांचे, गुडघ्याखालपर्यंत. पाण्यात कापड वर चढून अब्रू जाऊ नये म्हणून तू गळ्याला, मनगटांना, पायांना सगळीकडे घट्ट इलॅस्टिक घातलंस. मला ते फार पटलं. आपण दोघी शिडीवरून ऐटीत उतरलो आणि सगळी हवा आत अडकली. पाठ फुगली, पोट फुगलं, पाय तळाला लागेनात. बुडायचं म्हटलं तरी बुडता येईना. आपल्या शिकवणाऱ्या हंसाबेन काठावर बसून पोट धरून हसत होत्या. "आ तो बे फुग्गा छे! कोई सोय लावो!" म्हणजे हे दोन फुगे आहेत, कोणीतरी सुई आणा.

तू फुग्यातूनच उत्तर दिलंस, "बेन, आमच्याकडं भोपळा पाठीला बांधतात. इथं मी कपड्यातच शिवला."

इलॅस्टिक काढलं, पोशाख तेच राहिले. नव्या बाया आपल्याला सख्ख्या बहिणी समजायच्या. तू कधीच खोडून काढलं नाहीस. मी मात्र प्रत्येक वेळी खुलासा करायचे: शेजारी आहोत, जिल्हे पण वेगळे. आता वाटतं, कसला एवढा खुलासा करत होते मी?

तुला कमी ऐकू येतं हे माझ्या उशिरा लक्षात आलं. तू इतकी वर्षं लूमच्या शेडमध्ये कांड्या भरायचं काम केलंस. आडव्या धाग्याच्या कांड्या भरून विणणाऱ्यांना द्यायच्या, चारी बाजूंना माग खडखडत असायचे. घर तरी कुठे लांब होतं! भिंतीपलीकडे शेड. आपल्या लिंबायतमध्ये तो आवाज आपण ऐकणंच सोडून दिलं आहे. लाईट जाऊन लूम बंद पडले की माणसं दचकून बाहेर येतात आणि सवयीनं एकमेकांशी ओरडून बोलतात. त्या आवाजानं तुझे कान हळूहळू नेले. त्याच्या बदल्यात तू ओठ वाचायला शिकलीस. म्हणून पहिल्या दिवशी तू माझ्या तोंडाकडे तशी बघत होतीस.

आणि हातांच्या खुणा. तरणकुंडात हंसाबेनची शिट्टी, पोरींचा गलका, त्यात तुझे कान; बोलून काही उपयोग नव्हता. मग तू मला शेडमधली भाषा शिकवलीस. दोन बोटं कात्रीसारखी हलवली की धागा तुटला. मूठ तोंडाशी नेली की चहा. मिशीला पीळ दिल्यासारखं केलं की शेठ आला. आपल्याकडे शेठ नव्हता, म्हणून ती खूण आपण हंसाबेनला लावली, आणि त्यांना ती कळल्यावर त्या दोन दिवस आपल्याशी बोलल्या नाहीत.

सगळ्यांत कामाची खूण तू शेवटी शिकवलीस. दोन बोटं स्वतःच्या डोळ्यांपाशी न्यायची, मग समोरच्याच्या मागाकडे दाखवायची, आणि तळवा बाहेर झटकायचा. तू जा, तुझे माग मी बघते. चालू माग सोडून कोणाला हलता येत नाही. धागा तुटला आणि लक्ष नसलं तर कापड वाया जातं. म्हणून चहाला जायचं असो, पाणी प्यायला जायचं असो, आधी शेजारच्याकडे बघायचं. त्यानं ही खूण केली की निर्धास्त जायचं. खूण मिळाल्याशिवाय जागा सोडायची नाही, हा शेडचा न लिहिलेला नियम. "माझा संतोष या खुणेवर वाढला," तू म्हणाली होतीस. "त्याला पाजायला जायची मी, तेव्हा शेजारची बाई माझं काम बघायची. ती खूण नसती तर पोरगं उपाशी राहिलं असतं."

मी पहिल्यांदा दोरीपाशी पोहोचले त्या दिवशी तू खोल भागाच्या काठावर पाय पाण्यात सोडून बसली होतीस. मी दोरी धरून थांबले. पुढे जाणं होईना, मागे फिरणं बरं दिसेना. तू डोळ्यांना बोटं लावलीस, माझ्यामागच्या उथळ पाण्याकडे दाखवलीस आणि तळवा झटकलास. जसं काही माझे माग तिकडे चालू होते! पण मी सोडली दोरी. पलीकडच्या काठाला हात लागला तेव्हा तू म्हणालीस, "जाय म्हटलं का जावाचं. त्यात काय!"

"आणि मी बुडाले असते तर?"

"हंसाबेनले हाक मारती ना."

तेव्हापासून हे असंच चाललं. मी दोरीशी थांबायचे, तू खूण करायचीस, मी जायचे. पुढे पुढे गरज नव्हती. तरी मी थांबायचे.

आपलं भांडण मात्र मिटलं नाही. मी पोहायचे कंबरेसाठी. येणं-जाणं, फेऱ्या, श्वास, सगळं ठरलेलं. आणि तू, तापीची पोर, माझ्यापेक्षा दसपट चांगली पोहणारी, तू काय करायचीस? खोल पाण्याच्या मध्यावर जाऊन उताणी पडायचीस. कान पाण्यात, तोंड आभाळाकडे, हात पसरलेले. बॅच संपेपर्यंत तशीच. माझा जीव जळायचा. मी शेजारून फेरी मारताना म्हणायचे, "आक्का, हलव की हातपाय! पडून राहायला घरी खाट नाही का?"

तुला अर्थातच ऐकू यायचं नाही. वर आल्यावर मी परत म्हणायचे, तोंड तुझ्यासमोर धरून. "व्यायाम कुठे झाला यात?"

"काय वं, पानीले काय घड्याळ ऱ्हास का? तू घड्याळ लावून येतेस, मी झोपायला येते. घरी खाट आहे, झोप कुठं आहे? कान पाण्यात घातले का सगळं बंद. सगळं. इतकी शांतता मला आईच्या पोटात असंल तेवढीच."

"पण मला तर पाण्यात कान गेले की गुदमरतं."

"कारण तू आत पण काम काढतेस. उतानी पड वं. पानी धरी लेस तुले." पाणी धरतं तुला, असं तू म्हणत होतीस, आणि माझ्या मानेखाली हात धरत होतीस, आणि मी प्रत्येक वेळी अर्ध्या क्षणात पाय आपटत उभी राहत होते. मी फेऱ्या मारायला शिकले, सूर मारायला शिकले, पण उताणी पडणं जमलं नाही. उपयोग काय त्याचा, असं म्हणून मी सोडून दिलं. ते सगळ्या वादांचं माझं शेवटचं वाक्य असायचं.

दुसरा वाद पाण्याचा. तुझं ठाम मत होतं की कुंडातलं पाणी तुझ्या गावावरून येतं. "तापीच ना ही? मग? चोपड्यावरून निघाली, अठे आली. औषध मारून पांढरी केली, म्हणून काय मी ओळखणार नाही?" मी तुला समजावायचे की मध्ये उकाईचं धरण आहे, किती नद्या मिळतात, टाक्या आहेत, गाळण्या आहेत, यातला एक थेंबही तुझ्या घाटावरचा नसणार. तू ऐकून घ्यायचीस, म्हणजे बघून घ्यायचीस, आणि ओंजळभर पाणी तोंडावर मारून म्हणायचीस, "माले माहीत शे." मला माहीत आहे. झालं.

शाळेला सुट्टी लागली की तुझ्या गावी जायचं ठरलं होतं. तुझा घाट बघायचा, तुझ्या पाण्यात उतरायचं. एका वर्षी माझ्या मुलीची परीक्षा, एका वर्षी संतोषचं लग्न. यंदा नक्की होतं.

आणि कानाच्या मशीनचं भांडण. मी डॉक्टरांचा पत्ता काढला, सोबत यायचा दिवस सुद्धा ठरवला. तू म्हणालीस, "मशीन लावलं का लूम पण मोठे ऐकू येतील ना? मग कसाले?"

"नातवाचं बोलणं ऐकू येईल."

"तो सगळं गुजरातीत बोलतो. ऐकून तरी काय कळणार आहे?"

हसलीस, पण मला दिसलं की ते तुला लागलं. पुढच्या आठवड्यात कपडे बदलताना तूच विषय काढलास. "ते मशीन पाण्यात चालतं का गं?"

"नाही. काढून ठेवायचं. चष्म्यासारखं."

"म्हणजे पाण्याबाहेर ऐकायचं, पाण्यात नाही ऐकायचं." तू केस पिळत विचार केलास. "बघू."

त्या 'बघू'वर आपला वाद थांबला आहे, आक्का. मी त्याला होकार धरला होता.

एक गोष्ट अजून. पावसाळ्यानंतरचे दिवस होते, बॅचला आपण दोघी-तिघीच होतो. तू नेहमीसारखी मध्यावर उताणी पडली होतीस. माझ्या फेऱ्या संपल्या होत्या. मी काठ धरून तुझ्याकडे बघत राहिले. माझी मुलगी होस्टेलला गेली होती, यांची रेल्वेची नोकरी, महिन्यातले निम्मे दिवस बाहेर. घरी जाऊन रिकाम्या खोलीत डबा भरायचा होता. तुझे कान पाण्यात आहेत अशी खात्री करून मी मोठ्यानं म्हटलं, "आक्का, तू नसतीस तर या गावात माझं कोणी नव्हतं." एरवी मला असं बोलता येत नाही. आमच्याकडे कोणी बोलत नाही.

तू डोळे किलकिले करून म्हणालीस, "काय?"

"काही नाही. टाइम झाला म्हटलं."

तू शिडीशी आलीस, पदर पिळल्यासारखे पोशाखाचे ते लांब हात पिळलेस आणि माझ्याकडे न बघता म्हणालीस, "टाइम झाला म्हणायला इतकं तोंड हलवावं लागत नाही." आणि पुढे चालू लागलीस. त्या दिवशी तू मला तुझ्या घरी जेवायला बसवलंस. कळण्याची भाकरी आणि ठेचा. त्या वाक्यातलं तुला किती वाचता आलं होतं, हे मी विचारलं नाही. तू सांगितलं नाहीस. आता ते तसंच राहणार.

इस्पितळात मी आले तेव्हा तुझी उजवी बाजू गेली होती आणि तोंडातून शब्द येत नव्हता. मी माझ्या कामाला लागले. मला दुसरं काय येतं? औषधांच्या चिठ्ठ्या लावल्या, रात्री कोण थांबणार, सकाळी कोण, डबा कुठून येणार, ते संतोषला लिहून दिलं. संतोष भिंतीला टेकून उभा होता. मी बोलतच होते. तू डाव्या हातानं माझा पदर ओढलास. मी वाकले. तू दोन बोटं डोळ्यांपाशी नेलीस, माझ्याकडे दाखवलीस, आणि तळवा झटकलास.

मला वाटलं, सकाळची बॅच आठवली असेल. मी म्हटलं, "आज नाही गं पोहणं. तू बरी हो, मग दोघी जाऊ."

तू तीच खूण परत केलीस. जरा रागानं. हिला साधी गोष्ट कळत नाही, असा तुझा तो चेहरा मला पाठ आहे. मग मी म्हटलं, "बरं बाई, जाते. पेज घेऊन येते." आणि निघाले. खूण मिळाली होती ना. पेज घेऊन आले तेव्हा संतोष बाहेर जिन्यावर बसलेला होता.

सगळे विधी इथेच झाले, तापीच्या काठी. अस्थी सोडायच्या वेळी मी संतोषला बाजूला घेतलं आणि म्हटलं, थोड्या राखून ठेव, गावी ने. तो म्हणाला, "मावशी, नदी तर एकच आहे. इथं काय आणि तिथं काय." मी म्हटलं, "इथून सोडलं तर ती सरळ समुद्रात जाईल. तिथून सोडलं तर पोहत पोहत सुरतेपर्यंत येईल." मध्ये उकाईचं धरण आहे, आक्का, ते मला माहीत आहे. मीच तर सांगत होते. पण त्यानं ऐकलं. परवा चोपड्याला जाऊन आला. तुझ्या घाटाला अजून पाणी आहे म्हणाला, आणि दोन पोरी पाठीला प्लॅस्टिकचे डबे बांधून पोहत होत्या. भोपळे गेले आता.

काल मी तरणकुंडात गेले. ठरवून गेले नाही. सकाळी जाग आली, सवयीनं माझी पिशवी घेतली आणि रिक्षात बसल्यावर लक्षात आलं की कुठे चालले आहे. हंसाबेननी विचारलं, "बीजा बेन?" दुसऱ्या बाई कुठे आहेत? त्यांना कळलंच नव्हतं. मी सांगितलं. त्या काठावर बसल्या, शिट्टी हातात धरून. मग मिशीला पीळ दिल्याची ती खूण त्यांनी स्वतःच करून दाखवली आणि रडायला लागल्या.

मी उथळ भागात माझ्या फेऱ्या सुरू केल्या. दोरीपाशी आले की परत वळायचे. पुन्हा आले, पुन्हा वळले. सवयीनं समोरच्या काठाकडे नजर जायची. तिथे उन्हाचा पट्टा आणि कोणाचा तरी वाळत टाकलेला टॉवेल. दोरी धरून थांबले, आणि मग तिथेच, पाणी हनुवटीपर्यंत आणि गार पडलेले पाय, तुझी इस्पितळातली खूण मला खरंच कळली होती का, याचा विचार करायला लागले.

शेडमध्ये खूण कोणाला देतात? जो जाणार असतो त्याला. जो थांबणार असतो तो देतो. इस्पितळात जाणारी तू होतीस. थांबणारी मी. तुझे माग चालू होते, संतोष, त्याची बायको, तो गुजराती बोलणारा नातू, आणि त्यांना सोडून तुला उठता येत नव्हतं, कारण नियम तुला पाळायचा होता. तू मला ती खूण देत होतीस, असं मी समजले. पण उजवा हात गेलेला, तोंड गेलेलं. तू ती मागत असशील. "बघशील ना माझे माग?" असं विचारायला शेडमध्ये वेगळी खूण नाही. मागायची खूणच नाही. नुसतं शेजारच्याकडे बघायचं असतं, आणि शेजारच्याला ते कळायचं असतं.

खात्रीनं मला सांगता येणार नाही. कदाचित तू नेहमीप्रमाणे मलाच पाठवत होतीस, जा पोहायला, इथं गर्दी करू नको. तुला विचारता येत असतं तर तू म्हणाली असतीस, "किती तोंड हलवतेस गं!"

मी दोरी सोडली. पलीकडे गेले. मध्यावर, तुझ्या जागी, थांबले. आणि उताणी पडले. मान मागे टाकली, कान पाण्यात गेले, पाय आपटायला निघाले होते ते तसेच राहू दिले. पाण्यानं धरलं. खरंच धरलं, आक्का.

तू म्हणायचीस सगळं बंद होतं. थापा मारत होतीस. पाण्यात कान गेल्यावर कुंडाच्या पंपाचा आवाज येतो, खालून कुठून तरी, एका लयीत, खट-खट, खट-खट, अगदी लूमसारखा. माझे कान चांगले आहेत म्हणून मला तो आला. तुला तो येत नव्हता, हे मला त्या क्षणी इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

वर नुसतं आभाळ होतं. एका घारीशिवाय काही नाही. मी उजवा हात पाण्याबाहेर काढला. दोन बोटं डोळ्यांपाशी नेली, लिंबायत ज्या बाजूला आहे तिकडे दाखवली आणि तळवा झटकला. पडल्या पडल्या हात वर काढला की तोंड खाली जातं, हे तूच सांगितलं होतंस. गेलं. नाकातोंडात पाणी, हंसाबेनची शिट्टी, त्या काठावरून धावत आलेल्या. मी खोकत होते, हसत होते, आणि त्यांना हातानं सांगत होते, काही नाही, काही नाही.

खूण अर्धीमुर्धी झाली असेल तर इथे लिहून देते, तुझ्याच बोलीत, म्हणजे तोंडाकडे बघायची गरज पडणार नाही.

जाय वं, आक्का. मी शे ना अठे.